नासिकांक ते मेंदूप्रतिमा : डॉ. गो. स. घुर्ये यांच्या टीकेचे पद्धतिशास्त्रीय महत्त्व

प्रस्तावना :
डॉ. गोविंद सदाशिव घुर्ये (१८९३–१९८३) यांचा जन्म आजच्या सिंधुदुर्ग जिल्ह्यातील मालवणचा. जातिसंस्थेचे अभ्यासक म्हणून ते सुपरिचित आहेत. तथापि शारीरिक मोजमाप व सामाजिक प्रतवारी यांच्या संबंधाची त्यांनी केलेली तपासणी आजच्या मेंदूसंशोधनालाही उद्बोधक ठरते.

रिस्ले यांचा नियम :
नाकाच्या रुंदीला उंचीने भागून शंभराने गुणले असता 'नासिकांक' मिळतो. ब्रिटिश प्रशासक हर्बर्ट रिस्ले यांनी १८९१ च्या सुमारास, जातीचा सरासरी नासिकांक जितका कमी तितके तिचे सामाजिक स्थान उच्च, असा नियम मांडला. पुढे १९०१ च्या जनगणनेत, त्यांच्याच आयुक्तपदाच्या काळात, जातींची सामाजिक श्रेष्ठत्वानुसार प्रतवारी करण्यात आली. या नियमामुळे अशा प्रतवारीस शरीरशास्त्राचा आधार असल्याचा भास निर्माण झाला.

घुर्ये यांची तपासणी :
केंब्रिज येथे रिव्हर्स व हॅडन यांच्याकडे अध्ययन केलेल्या घुर्ये यांनी १९३२ च्या 'कास्ट अँड रेस इन इंडिया' या ग्रंथात उपलब्ध मोजमापे प्रदेशवार तपासली. तेव्हाच्या 'हिंदुस्थान' प्रदेशात, म्हणजे मुख्यतः आजच्या उत्तर प्रदेशात, प्रतवारी व शरीरलक्षणे यांचा मेळ बसत होता. अन्य भाषिक प्रदेशांत तो बसत नव्हता. घुर्ये यांनी वंशकल्पना सर्वस्वी त्यागली नाही, हे खरे. परंतु एका प्रदेशातील संबंध साऱ्या देशाचा नियम ठरू शकत नाही, हे त्यांनी दाखविले.

आजचा संदर्भ :
मेंदूप्रतिमांच्या गटस्तरीय विश्लेषणात स्मरण किंवा चिंता यांसारख्या चाचण्यांचे गुण 'सहचल' म्हणून, म्हणजे सोबत बदलणारी राशी म्हणून, समाविष्ट केले जातात. रुग्ण व निरोगी अशा दोन गटांचे सरासरी गुण मुळातच भिन्न असतील, तर एकत्रित माहितीत दिसणारा संबंध केवळ गटभेदातून उद्भवलेला असू शकतो. प्रत्येक गटाच्या अंतर्गत तो आढळेलच असे नाही. गुण सर्वांच्या सरासरीपासून मोजले की ज्या त्या गटाच्या, यावरही गटांमधील फरकाचा अर्थ बदलतो. म्हणून प्रत्येक गटातील संबंध स्वतंत्रपणे पाहणे अगत्याचे ठरते.

समारोप :
नासिकांकाची जागा आता मेंदूप्रतिमेने घेतली असली, तरी मूळ प्रश्न कायम आहे. समूहाच्या सरासरीवरून व्यक्तीची योग्यता ठरविण्याचा मोह टाळावयाचा, तर संबंध कोठे आढळतो आणि कोठे आढळत नाही, हे आधी तपासावे लागते. घुर्ये यांच्या टीकेचे मोल यातच आहे.