वैद्यकीय महाविद्यालयातील पीएच.डी. : रुग्णशय्येपासून रेणूपर्यंत

वैद्यकीय महाविद्यालय म्हटले की एमबीबीएस आणि एमडी याच पदव्या डोळ्यांसमोर येतात. तेथेच एम.एस्सी. झालेला विद्यार्थी पेशी व जनुकांवर पीएच.डी. करू शकतो, हे अनेकांना ठाऊक नसते. रोगी आणि प्रयोगशाळा एकाच आवारात असणे, हे या संशोधनाचे खरे बळ होय.

महाराष्ट्रात ही परंपरा जुनी आहे. डॉ. कमल रणदिवे यांनी मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात विकृतिशास्त्रज्ञ डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली संशोधन करून १९४९ मध्ये डॉक्टरेट मिळवली. पुढे त्यांनी देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली.

कऱ्हाडचे उदाहरण

सातारा जिल्ह्यातील कऱ्हाड येथे १९८४ मध्ये सुरू झालेल्या कृष्णा वैद्यकीय महाविद्यालयाच्या संस्थेला २००५ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आज ती कृष्णा विश्व विद्यापीठ म्हणून ओळखली जाते. येथील रेण्वीय जीवशास्त्र व आनुवंशिकी विभागाने दक्षिण-पश्चिम महाराष्ट्रातील ग्रामीण रुग्णांमधील स्तन, गर्भाशयमुख व मुखाच्या कर्करोगांवर काम केले आहे. रुग्ण आणि निरोगी व्यक्ती यांच्या रक्तातून डीएनए वेगळा करायचा, पीसीआर तंत्राने हवा तो भाग वाढवायचा आणि जनुकातील कोणते भेद रुग्णांत अधिक आढळतात हे पडताळायचे, अशी ही पद्धत आहे. नमुना घेण्यापूर्वी नैतिकता समितीची मान्यता आणि रुग्णाची लेखी संमती आवश्यक असते.

सांगली जिल्ह्यात मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय (१९६२) नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाशी संलग्न आहे, तर सांगलीचे भारती विद्यापीठाचे महाविद्यालय (२००५) त्याच नावाच्या अभिमत विद्यापीठाचे आहे. पदवी विद्यापीठ देते. त्यामुळे विषयाला मान्यताप्राप्त मार्गदर्शक कोठे आहे, हे आधी पाहावे.

नियम काय सांगतात?

विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनुसार पदव्युत्तर परीक्षेत सर्वसाधारणपणे ५५ टक्के गुण हवेत. अभ्यासक्रम किमान ३ वर्षांचा, कमाल ६ वर्षांचा असून २ वर्षांची मुदतवाढ मिळू शकते. महिलांना आणखी २ वर्षांची सवलत आहे. किमान १२ श्रेयांकांचे वर्गशिक्षण पूर्ण करावे लागते. प्रबंधापूर्वी शोधनिबंध प्रसिद्ध करण्याची सक्ती आता उरलेली नाही. नेट-जेआरएफ पात्र विद्यार्थ्यास जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७ हजार रुपये अधिछात्रवृत्ती मिळते.

पदवीनंतर

खरा प्रश्न नोकरीचा आहे. वैद्यकीय महाविद्यालयांत पूर्वी शरीररचना, शरीरक्रिया, औषधशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र यांत ३० टक्के, तर जीवरसायनशास्त्रात ५० टक्क्यांपर्यंत जागांवर बिगर-वैद्यकीय शिक्षक नेमता येत. २०२० मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ही मर्यादा १५ टक्क्यांवर आणली आणि औषधशास्त्र व सूक्ष्मजीवशास्त्राची दारे बंद केली. २०२५ च्या नियमांनी ती दोन दारे पुन्हा उघडली. ज्या पदवीला आयुष्याची पाच-सहा वर्षे द्यावी लागतात, तिचे मोल असे एका अधिसूचनेने बदलू शकते. म्हणूनच अध्यापनावर विसंबून न राहता निदान प्रयोगशाळा, औषधनिर्मिती व लससंशोधन यांचाही विचार प्रवेशापूर्वीच करणे हिताचे ठरते.