तळटीप : दुचाकी टॅक्सीचा खटला

‘न्यायालयाने नाशिकची बाईक टॅक्सी बंद केली’ हे मूळ मजकुरातले विधान अपुरे आहे. मोटार वाहने हा समवर्ती सूचीतला विषय. मोटार वाहन कायद्यातील २०१९ च्या दुरुस्तीनंतर त्याच्या कलम ९३ नुसार अ‍ॅपवरून वाहने पुरवणाऱ्या कंपनीला राज्याचा परवाना लागतो; तो देताना राज्य केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे पाळू ‘शकते’. सारा वाद या ‘शकते’वर. पुण्यात परवाना नाकारल्यावर रॅपिडो ही बाईक टॅक्सी कंपनी उच्च न्यायालयात व पुढे सर्वोच्च न्यायालयात गेली. ७ फेब्रुवारी २०२३ रोजी तिथेही दिलासा मिळाला नाही. खासगी वाहनांना अशा वाहतुकीस मनाई केली ती राज्याच्या १९ जानेवारीच्या अधिसूचनेने, आणि ती नाशिकलाही लागू होती. केंद्राची तत्त्वे नोव्हेंबर २०२० मध्येच आली होती. राज्याने आपले नियम तेव्हाच करायला हवे होते.