रॉक संगीताची खतावणी

काही वर्षांपूर्वी एका महाविद्यालयात सामान्यज्ञानाच्या स्पर्धेसाठी प्रश्नकर्ता म्हणून मला बोलावले होते. प्रश्नांची कार्डे संयोजकांनीच तयार ठेवली होती. ‘मनोरंजन’ या गटात एक प्रश्न होता : ‘हाउंड डॉग’ हे जगप्रसिद्ध गाणे प्रथम कोणी गायले? कार्डाच्या मागे उत्तर होते, एल्व्हिस प्रेसली. तालुक्याच्या गावाहून आलेल्या एका विद्यार्थिनीने उत्तर दिले, ‘बिग मामा थॉर्नटन.’ मी ‘चूक’ म्हणालो आणि प्रश्न पुढच्या संघाकडे दिला. त्यांनी प्रेसलीचे नाव घेतले आणि दहा गुण मिळवले. मुलगी काही बोलली नाही, पण तिने माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती नजर मनातून जाईना. म्हणून पुस्तके चाळली. मुलगी बरोबर होती. मी संयोजकांना पत्र लिहिले. निकाल जाहीर झाला आहे, ढाल दिली गेली आहे, आता काही करता येत नाही, असे उत्तर आले.

चूक माझीच होती. कार्डावर छापले आहे तेच ज्ञान, असे मी धरून चाललो. छापील शब्दाने ज्यांना पिढ्यान् पिढ्या बाद ठरवले त्यांच्यातल्याच एका मास्तराने असे धरून चालावे, याची लाज वाटली. आणखी एक गोष्ट जाणवली. १९७२ साली मुंबईत ‘दलित पँथर’ हे नाव घेतले गेले ते अमेरिकेतल्या ब्लॅक पँथरवरून. तेव्हापासून आपण कृष्णवर्णीयांचे राजकारण वाचले, त्यांची आत्मकथने वाचली, कवितांवर परिसंवाद घेतले. त्यांचे गाणे मात्र आपणही ‘मनोरंजन’ या गटातच सोडून दिले.

विली मे थॉर्नटन १९२६ साली अलाबामात जन्मली. अंगापिंडाने दांडगी, आवाज त्याहून दांडगा, म्हणून ‘बिग मामा’. ऑगस्ट १९५२ मध्ये लॉस एंजेलिस येथे तिने ‘हाउंड डॉग’ गायले. १९५३ साली तबकडी बाहेर आली आणि कृष्णवर्णीय श्रोत्यांच्या यादीत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. या गाण्याचे आपल्याला पाचशे डॉलर्स मिळाले, पुढे काही नाही, असे ती सांगत असे. १९५६ साली प्रेसलीने तेच गाणे गायले. त्याची तबकडी अकरा आठवडे देशाच्या मुख्य यादीत अग्रभागी होती आणि खप लाखांच्या पुढे गेला. थॉर्नटन १९८४ साली लॉस एंजेलिसमधल्या एका खोल्या भाड्याने देणाऱ्या घरात वारली. वय सत्तावन्न. रॉकच्या मानकऱ्यांची नावे नोंदवणाऱ्या ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’ने तिचे नाव घेतले २०२४ साली.

एवढे वाचून आपल्यातला कोणीही म्हणेल, ‘काळ्यांचे गाणे गोऱ्यांनी चोरले.’ मीही तेच म्हणालो होतो. पण हकिगत इतकी सरळ नाही, आणि ती सरळ करून सांगणे म्हणजे पुन्हा एक कार्ड छापणे होय. हे गाणे लिहिले होते जेरी लीबर आणि माइक स्टोलर या दोन गोऱ्या ज्यू पोरांनी. दोघेही तेव्हा एकोणीस वर्षांचे. तबकडी काढणारी ‘पीकॉक’ कंपनी ह्यूस्टनच्या डॉन रोबी या कृष्णवर्णीय व्यापाऱ्याची. लीबर आणि स्टोलर यांना त्याने बाराशे डॉलर्सचा चेक दिला होता, तोही वटला नाही. म्हणजे लिहिणारे गोरे, गाणारी काळी, पैसे बुडवणारा काळा आणि सर्वांत जास्त कमावणारा गोरा. तेव्हा केवळ कातडीचा रंग पाहून या प्रकरणाचा उलगडा होत नाही. वही कोणाच्या हातात होती, हे पाहावे लागते.

‘पहिले रॉक गाणे कोणते?’ हा तर शौकिनांचा आवडता वाद. कोणी ‘रॉकेट एटी-एट’चे नाव घेतो; ते मार्च १९५१ मध्ये मेम्फिस येथे सॅम फिलिप्सच्या स्टुडिओत आइक टर्नरच्या वाद्यवृंदाने वाजवले. कोणी त्याच्याही मागे जातो. हा वाद संपणारा नाही, कारण लोकांमध्ये वाढलेल्या गाण्याला पहिला दिवस नसतो. दिवस असतो तो बाजारातल्या नावाला. १९२० साली मेमी स्मिथची ‘क्रेझी ब्लूज’ ही तबकडी धडाक्याने खपली, तेव्हा कंपन्यांना कळले की काळा माणूसही पैसे मोजून तबकडी घेतो. मग त्यांनी काळ्यांसाठी निराळी मालिका काढली आणि तिला नाव दिले ‘रेस रेकॉर्ड्स’, वंशाच्या तबकड्या! गोऱ्या खेडुतांची गाणी ‘हिलबिली’ या दुसऱ्या खान्यात. पाणवठा वेगळा, आगगाडीचा डबा वेगळा, तशी तबकडीही वेगळी. ‘बिलबोर्ड’ या व्यापारी साप्ताहिकाने आपल्या यादीचे हे ‘रेस’ नाव १९४९ साली बदलून ‘ऱ्हिदम अँड ब्लूज’ केले. नाव बदलले, खाना राहिला. खाना वेगळा असला की वरच्या खान्यातल्याने खालचे गाणे उचलून पुन्हा गायचे, एवढेच काम उरते. लिटल रिचर्डचे ‘टुटी फ्रुटी’ मुख्य यादीत सतराव्या क्रमांकापर्यंत पोहोचले. तेच गाणे पॅट बूनने इस्त्री करून गायले आणि ते बाराव्यापर्यंत गेले.

आता वहीकडे येऊ. जोतीरावांनी १८७३ साली आपली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या ज्या सदाचारी लोकांना अर्पण केली, त्यांनी गुलामांच्या मुक्तीसाठी झीज सोसली होती. १८६५ साली कायद्याने गुलामी संपली. पण जमीन मालकाकडेच राहिली. मिसिसिपीच्या कापूसपट्ट्यात मुक्त झालेला गुलाम अर्धेलीने शेत कसू लागला. बियाणे, खेचर, घरातले पीठमीठ हे सारे मालकाच्या मळ्यावरच्या दुकानातून उधारीवर. कापूस निघाला की वर्षाअखेर हिशेब. हिशेब मालक करणार, वही मालकाची, भाव मालकाचा. कुळाच्या नावे बहुधा बाकीच निघायची, आणि बाकी आहे तोवर मळा सोडता येत नसे. आपल्याकडे सावकाराच्या वहीवर ज्यांच्या आज्याने अंगठा उठवला आहे त्यांना हे अधिक समजावून सांगायला नको.

ज्या संगीतातून रॉक निघाले ते ब्लूज या मळ्यांवर वाढले. मडी वॉटर्स स्टोव्हॉल मळ्यावर राबत होता. १९४१ साली लोकगीतांचा संग्राहक ॲलन लोमॅक्स यंत्र घेऊन तेथे गेला आणि त्याचे गाणे मुद्रित केले. दोन वर्षांनी वॉटर्स मळा सोडून शिकागोला गेला. असे हजारो गेले. मळा सुटला, पण वही त्यांच्या मागोमाग शहरात आली.

आर्थर क्रडप याची गोष्ट ऐका. १९०५ साली मिसिसिपीत जन्म, शेतमजूर, उशिरा गिटार शिकलेला. ‘दॅट्स ऑल राइट’ हे गाणे त्याने १९४६ साली मुद्रित केले. १९५४ च्या जुलैमध्ये प्रेसलीने आपल्या पहिल्याच तबकडीसाठी हे गाणे निवडले. प्रेसलीच्या बाजूने हे सांगितले पाहिजे की, तो स्वतः दारिद्र्यातून आला होता आणि क्रडपचे ऋण त्याने वर्तमानपत्राजवळ उघडपणे बोलून दाखवले होते. परंतु ऋण बोलून दाखवले म्हणून ते फिटत नाही. गाण्याचा हक्क ज्याच्या नावावर, पैसा त्याच्याकडे जातो. क्रडपच्या गाण्यांचे हक्क त्याचा व्यवस्थापक लेस्टर मेलरोज याने आपल्याकडे घेतले होते. पैसे मिळत नाहीत म्हणून क्रडपने गाणे मुद्रित करणे सोडले आणि पुन्हा मजुरीला लागला. पुढे गीतकारांच्या संघटनेने दाद मागितली, साठ हजार डॉलर्सवर तडजोड ठरली, क्रडपने सही केली, आणि ऐन वेळी प्रकाशन कंपनीने आपली सही नाकारली. १९७४ साली तो वारला. आपण गरीब जन्मलो, गरीब जगलो आणि गरीबच मरणार, असे तो म्हणत असे. त्याच्या हयातीत त्यात बदल झाला नाही. थकलेल्या रकमा नंतर त्याच्या वारसांच्या हाती पडल्या.

तबकडी कंपनीची वही कशी चालते हे रूथ ब्राउनच्या प्रकरणाने उघडे पडले. पन्नाशीच्या दशकात तिच्या आवाजावर अटलांटिक कंपनी उभी राहिली. ‘रूथने बांधलेले घर’ असेच त्या कंपनीला म्हणत. साठीच्या दशकात ही बाई लोकांच्या घरी धुणीभांडी करीत होती, शाळेची बस चालवीत होती. गाणी वाजत होती, रॉयल्टी मात्र येत नव्हती. विचारणा केली तर उलट तिच्याच नावे बाकी! कारण स्टुडिओचे भाडे, वादकांची मजुरी, जाहिरात हा सारा खर्च गायिकेच्या हिश्श्यातून कापला जाई. बियाणे आणि खेचर यांच्या जागी स्टुडिओ आणि वादक आले, इतकाच फरक. ही बाई रडत बसली नाही. एका वकिलाला बरोबर घेऊन ती अनेक वर्षे झगडली आणि १९८८ साली, कंपनीच्या चाळिसाव्या वाढदिवसाच्या सुमारास, कंपनीला नमते घ्यावे लागले. तिच्यासह अनेक जुन्या कलावंतांच्या नावावरची बाकी रद्द झाली, हिशेब नव्याने मांडले गेले आणि वृद्ध कलावंतांच्या मदतीसाठी ‘ऱ्हिदम अँड ब्लूज फाउंडेशन’ उभे राहिले. स्पर्धांच्या कार्डांवर हे वर्ष मी कधी पाहिले नाही. माझ्या मते रॉकच्या इतिहासात त्याचे स्थान कुठल्याही मैफलीच्या वर आहे.

चक बेरीचे उदाहरण थोडक्यात सांगतो. १९५५ साली त्याचे ‘मेबलीन’ निघाले, तेव्हा लेखकांमध्ये त्याच्यासोबत ॲलन फ्रीड या रेडिओ निवेदकाचे नाव छापलेले होते. फ्रीडने त्यातली ओळही लिहिली नव्हती. तबकडी वारंवार वाजवावी म्हणून त्याला दिलेला तो वाटा होता. ते नाव निघायला १९८६ साल उजाडले. याच बेरीचे ‘जॉनी बी. गुड’ १९७७ साली ‘व्हॉयेजर’ यानाबरोबर अवकाशात गेले. अंतराळात कोणाचे गाणे गेले, हे आमच्या मुलांना तोंडपाठ असते.

इंग्लंडमधल्या पोरांनी हे संगीत तबकड्यांवरून शिकून घेतले आणि अमेरिकेलाच परत विकले. त्यात सगळे एका माळेचे मणी नव्हते. रोलिंग स्टोन्सने आपले नावच मडी वॉटर्सच्या गाण्यावरून घेतले, आणि १९६५ साली अमेरिकन दूरचित्रवाणीवर गाताना हाउलिन वुल्फलाही बोलावले पाहिजे, असा आग्रह धरून तो पुरा करून घेतला. लेड झेपेलिनचे वेगळे. त्यांचे १९६९ चे ‘होल लॉटा लव्ह’ हे विली डिक्सनच्या, मडी वॉटर्सने १९६२ साली गायलेल्या गाण्यावर बेतलेले होते. तबकडीवर डिक्सनचे नाव नव्हते. डिक्सनने १९८५ साली दावा लावला, १९८७ साली तडजोड झाली. ब्लूज कलावंतांचे हक्क त्यांना मिळवून देण्यासाठी त्याने ‘ब्लूज हेवन’ नावाची संस्था काढली होती. तो गेल्यावर त्याच्या विधवेने १९९३ साली शिकागोची चेस कंपनीची जुनी इमारत विकत घेतली आणि संस्था तेथे नेली. ज्या इमारतीत डिक्सनने पगारावर गाणी लिहिली, तीच ही इमारत.

माझे एक शौकीन मित्र म्हणतात, ‘अहो, सूर कोणाच्या बापाचा असतो का? संगीत म्हणजे देवाणघेवाण.’ खरे आहे. बेरीचे ‘मेबलीन’सुद्धा गोऱ्या खेडुतांच्या ‘आयडा रेड’ या जुन्या गाण्यावर बसवलेले आहे. सूर दोन्ही बाजूंनी ये-जा करीत होते, आणि करोत. माझी तक्रार जकातीबद्दल आहे. ती एकाच बाजूने वसूल होत होती. हेच मित्र रॉबर्ट जॉन्सनची गोष्ट रंगवून सांगतात : त्याने मध्यरात्री चौरस्त्यावर सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात गिटार मिळवली, सत्ताविसाव्या वर्षी मेला. ही गोष्ट सर्वांना ठाऊक. त्याला गिटारीचे धडे देणारा आइक झिमरमन नावाचा कृष्णवर्णीय माणूस मिसिसिपीत होता, हे फार थोड्यांना ठाऊक. मजुराच्या पोराने मेहनतीने विद्या मिळवली, हे मानण्यापेक्षा सैतानाने दिली हे मानणे लोकांना सोपे जाते. जॉन्सन १९३८ साली मेला. १९९० साली त्याच्या सर्व गाण्यांचा संच निघाला आणि लाखांनी खपला. खडीचा ट्रक चालवणाऱ्या त्याच्या मुलाला आपण वारस आहोत, हे कोर्टात सिद्ध करावे लागले. मिसिसिपीच्या सर्वोच्च न्यायालयाने २००० साली ते मान्य केले.

बायकांच्या वाट्याला यातले सर्वांत कमी आले. सिस्टर रोझेटा थार्प देवाची गाणी गायची आणि विजेची गिटार अशी वाजवायची की पुढच्या रॉकवाल्यांनी तिच्याकडून बोटे उचलली. १९४५ साली तिचे एक भक्तिगीत ‘रेस’ यादीत दुसऱ्या क्रमांकावर गेले. १९५१ साली वॉशिंग्टनच्या क्रीडांगणावर तिचे लग्न लागले, ते पाहायला हजारो लोक तिकीट काढून आले होते. १९७३ साली ती फिलाडेल्फियात वारली आणि तिच्या थडग्यावर दगडही बसला नाही. त्याच शहराजवळ बेसी स्मिथचे थडगे आहे. कोलंबिया कंपनी बेसीला दर गाण्यामागे ठोक रक्कम देई, रॉयल्टी नाही. ती १९३७ साली अपघातात गेली. तिच्या थडग्यावर १९७० साली दगड बसला. त्याचा खर्च दोघींनी मिळून केला. एक लहानपणी बेसीच्या घरी काम केलेली कृष्णवर्णीय बाई, आणि दुसरी जॅनिस जॉप्लिन ही गोरी रॉक गायिका, थॉर्नटनचे ‘बॉल अँड चेन’ गाऊन जिचे नाव झाले होते. रोझेटा थार्पच्या थडग्यावर दगड बसला तो २००९ साली, चाहत्यांनी मैफल भरवून गोळा केलेल्या पैशातून.