मोठी चाके बसविली, आता टायर घासतात

गाडी घेऊन वर्षही उलटत नाही तोच कारखान्यातून आलेली लोखंडी चाके उतरवून त्यांच्या जागी चकाकणारी, इंच-दोन इंच मोठी अलॉय चाके चढविण्याची हौस शहरांत चांगलीच रुजली आहे. गाडी देखणी दिसते, यात शंका नाही. मात्र, पार्किंगमधून बाहेर पडताना स्टीअरिंग पूर्ण वळविले, की पुढून ‘खर्र’ असा आवाज येतो. पाच माणसे आणि सामान घेऊन निघाल्यावर तोच आवाज प्रत्येक गतिरोधकावर मागून ऐकू येतो. ‘चार दिवसांत बसेल,’ असे सांगून दुकानदार ग्राहकाची बोळवण करतो. टायर झिजून आवाज थांबेलही. पण टायरच्या बाजूच्या भिंतीला रबराचा जाड थर नसतो. ती एकाच जागी घासत राहिली तर आतील दोऱ्यांचे थर उघडे पडतात. तेथे पंक्चर काढता येत नाही आणि असा टायर द्रुतगती मार्गावर फुटला, तर वाहन सावरणे चालकाच्या हातात राहत नाही.

दुरुस्तीआधी टायर नेमका कोठे घासतो, हे शोधणे आवश्यक असते. पुष्कळ गॅरेजांत ही पायरी वगळून थेट पत्र्याला हात घातला जातो. टायरच्या दोन्ही कडांना आणि बाजूंना खडू फासावा, मोकळ्या जागेत स्टीअरिंग दोन्ही दिशांना शेवटपर्यंत वळवून गाडी सावकाश चालवावी, मग मागे माणसे बसवून एखादा गतिरोधक ओलांडावा. खडू जेथे पुसला गेला आणि समोरच्या भागावर जेथे उमटला, तीच घासण्याची जागा. मडगार्डच्या आतील प्लास्टिकच्या अस्तरावर किंवा चिखलरोधक रबरावर खूण दिसली, तर प्रकरण किरकोळ आहे. स्प्रिंगच्या खालच्या बैठकीवर किंवा शॉकअॅब्सॉर्बरच्या नळीवर ती दिसली, तर चाक आतल्या बाजूला अधिक सरकले आहे. ब्रेकच्या रबरी नळीवर पुसटशी खूण असली तरी गाडी त्या चाकांवर चालवूच नये.

मूळ कारण बहुधा आकड्यांत सापडते. २०१८ साली आलेल्या मारुती स्विफ्टच्या प्राथमिक प्रकाराला १६५/८० आर १४ हा टायर होता. पहिला आकडा मिलिमीटरमधील रुंदी, दुसरा त्या रुंदीच्या टक्क्यांत टायरच्या भिंतीची उंची आणि तिसरा इंचांत रिमचा व्यास. या हिशेबाने संपूर्ण चाकाचा व्यास सुमारे ६२० मिमी होतो. त्याच गाडीच्या वरच्या प्रकाराला कंपनीने दिलेल्या १८५/६५ आर १५ चा व्यास सुमारे ६२२ मिमी, तर १९५/५५ आर १६ चा ६२१ मिमी भरतो. म्हणजे रिम वाढली, की भिंत बुटकी करावी लागते. हे न पाहता २०५/६० आर १६ चढविला, तर व्यास ६५२ मिमीवर जातो. टायर वर आणि पुढे-मागे १६ मिमीने, तर रुंदीत ४० मिमीने फुगतो. शिवाय वेगदर्शक काटा १०० दाखवीत असताना गाडी १०५ च्या आसपास धावू लागते.

व्यास जुळूनही टायर घासत असेल, तर रिमचा ऑफसेट तपासावा. रिमच्या मध्यरेषेपासून तिच्या बसण्याच्या पृष्ठभागाचे हे मिलिमीटरमधील अंतर रिमवर ‘ईटी’ अक्षरांपुढे कोरलेले असते. साडेपाच इंच रुंद, ईटी ४५ च्या रिमऐवजी सात इंच रुंद, ईटी ३५ ची रिम घेतली, तर बाहेरची कड २९ मिमीने बाहेर आणि आतली कड ९ मिमीने आत सरकते. रंग आणि नक्षी पाहून रिम निवडणाऱ्यांना हा आकडा सहसा कोणी सांगत नाही.

उपाय जागेप्रमाणे बदलतात. प्लास्टिकचे अस्तर गरम हवेने मऊ करून मागे दाबता येते. ते कापून टाकणे मात्र चुकीचे, कारण पावसाळ्यात चिखल आणि पाणी थेट पत्र्यावर व तारांवर उडते. चिखलरोधक रबर थोडे कातरले तरी चालते. बाहेरच्या कमानीची कड घासत असेल, तर ती आत दुमडून घेता येते. त्यासाठी रंग आधी तापवावा लागतो. तडा गेल्यास तेथूनच गंज धरतो. आतून घासणाऱ्या चाकामागे तीन किंवा पाच मिमीची चकती घालतात. अशी चकती हबच्या मापाची हवी आणि बोल्टचे पुरेसे आटे आत बसायला हवेत. बाहेरून घासणाऱ्या चाकाला हीच चकती घातली, तर दुखणे वाढते. जुन्या गाडीत दोष स्प्रिंगचाही असू शकतो. हबच्या केंद्रापासून कमानीच्या कडेपर्यंतचे अंतर डावीकडे-उजवीकडे मोजावे. एक बाजू खचलेली आढळल्यास त्या आसाच्या दोन्ही स्प्रिंग बदलणे श्रेयस्कर. हवा जास्त भरणे हा उपाय नव्हे. त्याने पकड घटते आणि खड्ड्यात रिम वाकण्याचा धोका राहतोच.

टायरवरील भारदर्शक अंकाकडेही लक्ष हवे. ८५ हा अंक ५१५ किलोंची, तर ८४ हा ५०० किलोंची क्षमता दर्शवितो. नवा टायर मूळ टायरपेक्षा कमी भाराचा घेऊ नये. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमानुसार नोंदणीतील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा ठरेल, असा बदल वाहनात करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने कायद्यात न बसणाऱ्या प्रत्येक बदलासाठी मालकास पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हींची तरतूद झाली. त्यामुळे कंपनीने त्याच मॉडेलच्या वरच्या प्रकाराला दिलेले माप निवडणे सर्वांत निर्धोक.

कोणतीही दुरुस्ती झाल्यावर चाकांचे अलाइनमेंट करून घ्यावे, शंभर किलोमीटरनंतर नट पुन्हा आवळावेत आणि खडूची चाचणी भरल्या गाडीनिशी पुन्हा करावी. तोपर्यंत जुनी चाके भंगारात देऊ नयेत.