मे महिन्याची सुट्टी आणि कोकणची बोट

मे महिन्यात आजोळी जाणे ही आपल्याकडची फार जुनी रीत आहे, असे आपण धरून चालतो. आंबे-फणस, विहिरीतले डुंबणे, माजघरात ओळीने पडलेली अंथरुणे हे सारे पिढ्यान्‌पिढ्या असेच चालत आले असावे, असे वाटते. निदान कोकणापुरते तरी हे खरे नाही. कोकणातली ही सुट्टी मुंबईने घडवली, आणि तिचे वय सव्वाशे-दीडशे वर्षांपलीकडे जात नाही, असे माझे मत आहे.

मुंबईत पहिली कापडगिरणी १८५६ मध्ये सुरू झाली. पुढच्या काही दशकांत रत्नागिरी जिल्ह्यातले कर्ते पुरुष गिरणीत, गोदीत, कचेऱ्यांत कामाला लागले. बायकामुले बहुधा गावीच राहिली. १९२१ च्या जनगणनेत मुंबईत दर हजार पुरुषांमागे स्त्रिया जेमतेम सव्वापाचशे होत्या. ज्यांना जमले त्यांनी चाळीत बिऱ्हाड केले, मुले शाळेत घातली आणि घराला दोन ठिकाणे झाली. शाळांची उन्हाळी सुट्टी लांबलचक होती, पण मुलांनी मे महिन्यातच गावी जाण्याला आणखी एक कारण होते, ते म्हणजे समुद्र. कोकणात आगगाडी नव्हती आणि रस्त्याने जावे तर खाड्या आडव्या येत. तेव्हा आगबोट हाच सोयीचा मार्ग. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले अशी बंदरे घेत ती जाई. बऱ्याच ठिकाणी ती खोल पाण्यात थांबे आणि ट्रंका-वळकट्यांसकट माणसांना पडावात उतरावे लागे. पावसाळ्यात या बोटी बंद होत. त्यामुळे मुलाबाळांसह बोटीने जायचे ते समुद्र खवळण्याआधी, आणि परतायचेही त्याआधीच.

यावर कोणी म्हणेल, माहेरपण तर जात्यावरच्या ओव्यांइतके जुने आहे. ते आहेच. पण ओव्यांतली सासुरवाशीण भावाची वाट पाहते ती पंचमीला, दिवाळीला. तो लेकीचा मान होता, मोजक्या दिवसांचा आणि सणाशी बांधलेला. माहेरही बहुधा काही कोसांवरच असे. शाळेच्या सुट्टीबरोबर या येण्याजाण्याचे केंद्र लेकीकडून नातवंडांकडे सरकले आणि दिवसांचे आठवडे झाले. मामाच्या गावाचे ग. दि. माडगूळकरांचे लाडके गाणेही आगगाडीचे आहे, म्हणजे देशावरच्या मुलांचे. कोकणातल्या मामाकडे तेव्हा गाडी जातच नव्हती.

हा सारा पांढरपेशांचा थाट होता, असाही आक्षेप येईल. मला तो मान्य नाही. गिरणी कामगारांची गावाशी असलेली घट्ट नाळ १९३१ च्या शाही मजूर आयोगाच्या अहवालात नोंदलेली आहे, आणि उन्हाळ्यात गिरण्यांमधली गैरहजेरी वाढत असे. शिवाय मे महिन्यात गाव काही रिकामे नसे. शाकारणी, लाकूडफाटा, फणसपोळी, पापड, मिरच्या-मसाले अशी आगोटीची कामे तेव्हाच उरकायची असत. आलेल्या मुलांचे हात त्यात लागत, त्यांच्या वडिलांचे तर लागतच. या सुट्टीच्या गोड आठवणी मुलांच्या आहेत. एवढ्या पंगती उठवणाऱ्या मामीने तिचे कसे वर्णन केले असते, हे कोणी लिहून ठेवलेले नाही, याची मला खंत वाटते.

तरीही त्या आठवणी खोट्या ठरत नाहीत. वर्षभर विभागलेले घर त्या चार-सहा आठवड्यांत एका छपराखाली येई, म्हणून ते दिवस इतके खोल रुतले. पुढे एसटी आली, बोटी थांबल्या, १९८२ चा गिरणी संप झाला. १९९८ मध्ये कोकण रेल्वे मुंबईपासून मंगळूरपर्यंत पुरती धावू लागली तेव्हा गाव एका रात्रीवर आले होते, पण अनेक कुटुंबे एव्हाना सगळीच्या सगळी शहरात वसली होती. आता पावसाची अडचणही नसल्याने मोठी गर्दी गणपतीला होते, आणि ती थोड्याच दिवसांत ओसरते.