मोटारीतील भूसंपर्कनाचा इतिहास : शेवगाव परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
अहिल्यानगर (2024 पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्याच्या पूर्व भागातील शेवगाव शहराला रेल्वे नाही. पाथर्डी, नेवासा, पैठण व गेवराई या दिशांचे दळणवळण रस्त्यांवरच अवलंबून राहिले. अशा प्रदेशाच्या वाहतूक-इतिहासात रस्ते, पूल आणि गाड्या यांची नोंद होते. गाड्या चालू ठेवणाऱ्या कारागिरी ज्ञानाची क्वचितच होते. डॅशबोर्डवरील दिव्यांचे लुकलुकणे हा नेहमीचा दोष या ज्ञानाचे बोलके उदाहरण आहे. प्रस्तुत लेखात या दोषामागील भूसंपर्कनाचा, म्हणजेच बोलीतील 'अर्थिंग'चा, ऐतिहासिक आढावा घेतला आहे.

परतीचा मार्ग :
घरातील दिव्याला दोन तारा लागतात. मोटारीतील दिव्याला बहुधा एकच पुरते. बॅटरीकडे परतणारा प्रवाह गाडीच्या लोखंडी सांगाड्यातून जातो. तारेची बचत करणारी ही पद्धत विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात रूढ झाली. 1 जून 1948 रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर राज्य परिवहनाची पहिली बस धावली. त्या काळच्या या बसगाड्यांची बांधणी लाकडी होती. लाकूड वीजवाहक नसल्याने अशा बांधणीत दिव्याची परतीची तार चॅसिसपर्यंत वेगळी न्यावी लागते. पत्र्याची बॉडी आल्यावर ही तार आखूड झाली. परंतु बोल्टखालचा रंग आणि गंज हा नवा अडथळा निर्माण झाला.

ध्रुवांचा बदल :
1930 च्या दशकाच्या उत्तरार्धापासून 1960 च्या दशकापर्यंत बहुतेक ब्रिटिश मोटारींत बॅटरीचे धन टोक सांगाड्यास जोडलेले असे. पुढे ऋण टोक जोडण्याची पद्धत सर्वत्र रूढ झाली. याच सुमारास डायनॅमोची जागा अल्टरनेटर घेऊ लागला. अल्टरनेटरमधील डायोड उलट जोडणीने क्षणात निकामी होतात. त्यामुळे बॅटरी जोडण्यापूर्वी गाडीचे भूसंपर्कन कोणत्या टोकाचे आहे हे पाहणे कारागिराला अपरिहार्य झाले.

दोषाचे निदान :
सर्वच लुकलुकणे भूसंपर्कनामुळे होत नाही. याचा दाखला जिल्ह्यातच मिळतो. कायनेटिक इंजिनिअरिंगने 1972 मध्ये आणलेल्या व अहमदनगर येथे निर्माण होणाऱ्या लूना मोपेडमध्ये दिव्याला वीज थेट मॅग्नेटोकडून मिळे. इंजिन मंदावले की दिवाही मंदावे; तो दोष नव्हता, रचनाच तशी होती. मोटारीत मात्र मध्ये बॅटरी असते. तेथे इंजिनाच्या वेगानुसार दिवे बदलत असल्यास वीजनिर्मितीची व पट्ट्याची तपासणी करावी लागते. धक्का बसताच, किंवा ब्रेक अथवा इंडिकेटर लावताच डॅशबोर्ड लुकलुकत असल्यास भूसंपर्कनाचा संशय बळावतो. कारण नेहमीची वाट अडलेला प्रवाह दुसऱ्या दिव्याच्या तंतूतून परतू पाहतो.

12 व्होल्टच्या गाडीत दोन पुढील दिवे सुमारे 10 अँपिअर प्रवाह घेतात. परतीच्या मार्गात केवळ 0.1 ओहम रोध आला तरी 1 व्होल्ट वाया जातो आणि दिव्यांचा प्रकाश सुमारे एक-चतुर्थांशाने घटतो. दिवे चालू ठेवून बॅटरीचे ऋण टोक व दिव्याची भूसंपर्क तार यांमधील व्होल्टता मोजल्यास हा दोष उघड होतो. जोडणी सोडवून धातू स्वच्छ घासणे व बोल्ट घट्ट आवळणे एवढाच त्यावरील उपाय आहे. मोजणी न करता बल्ब, बॅटरी व अल्टरनेटर बदलत राहिल्यास खर्च होतो, दोष मात्र राहतो.

सामाजिक संदर्भ :
ऊसपट्ट्यात या प्रश्नाला जिवाचे मोल आहे. ट्रॅक्टरमागील ट्रॉलीला स्वतंत्र परतीची तार नसल्यास मागील दिव्याचा प्रवाह जोडणीच्या खिळीतून परततो. खिळीवर गंज व माती असते, शिवाय ती सतत हलते. त्यामुळे हंगामात रात्री रस्त्यावरील भरलेली ट्रॉली मागून येणाऱ्या वाहनास ऐनवेळी दिसेनाशी होऊ शकते. एक तार वाढविल्याने हा धोका टळतो.

निष्कर्ष :
दोष दिव्यात दिसतो, पण त्याचे मूळ परतीच्या मार्गात असते. हा विवेक गॅरेजमध्ये उस्तादाकडून शिष्याकडे तोंडी आला. 2000 नंतर इलेक्ट्रॉनिक नियंत्रणाच्या गाड्या वाढल्या. त्यांत सदोष भूसंपर्कनामुळे इंजिनाच्या बिघाडाचे खोटे संकेतही मिळतात. म्हणजे जुने ज्ञान कालबाह्य झालेले नाही, त्याची गरज वाढली आहे. डायनॅमोच्या काळातील कारागीर हयात आहेत तोवर त्यांच्या मौखिक नोंदी घेणे हे स्थानिक इतिहासाच्या अभ्यासकांपुढील तातडीचे कार्य आहे.