समुद्राचा हिशेब

मुंबईच्या नरिमन पॉइंटावरील उत्तुंग इमारती समुद्र हटवून मिळविलेल्या भूमीवर उभ्या आहेत. ही भरणी प्रथम योजणाऱ्या बॅकबे कंपनीचे भाग १८६५ साली कोसळले व अनेक घराणी धुळीस मिळाली. १९२० नंतर सरकारने तेच काम हाती घेतले. त्यातील गैरकारभार खुर्शेद नरिमन यांनी चव्हाट्यावर मांडला, आणि पुढे त्यांचेच नाव या भूमीस मिळाले!

इमारतीचा पाया खडकापर्यंत नेता येतो. परंतु रस्ते व गटारे भरतीच्या पातळीजवळच राहतात. उधाण आले की पावसाचे पाणी समुद्र घेत नाही. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईने हे अनुभविले. पूर्वजांनी या भूमीपायी पैसा गमावला. समुद्राची पातळी चढत असता नातवंडे काय गमावतील, याचा हिशेब आम्ही अजून मांडलेला नाही.